देवदूतांच्या नगरीतील जुनी गल्ली

आयुष्याची पस्तीस वर्षे मुलांना शिकविण्यात घालविलेल्या माणसास एक गर्व जडतो. मुलाने कोणताही प्रश्न विचारला तरी त्याचे उत्तर आपल्यापाशी तयार आहे, असे त्यास वाटू लागते. आमचा हा गर्व गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस लॉस एंजेलिस शहरातील एका जुन्या चौकात आमच्याच अकरा वर्षांच्या नातवाने उतरविला. ती हकीकत वाचकांस सांगावी, आणि तिच्या निमित्ताने मुलांस बरोबर घेऊन पाहण्याजोग्या एका स्थळाचा परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू. हल्ली पुष्कळ घरांतील मुलगा, मुलगी, पुतण्या अथवा भाचा कॅलिफोर्नियाच्या बाजूस असतो व वडील मंडळींचे चार-सहा महिने तिकडे जाणे होते. त्या मंडळींस या माहितीचा थोडाबहुत उपयोग होईल अशी आशा आहे.

आमचे चिरंजीव लॉस एंजेलिसच्या एका उपनगरात राहतात. सुटीच्या दिवशी मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न तेथेही आपल्याकडच्यासारखाच घरोघर पडतो. नातू चि. ओंकार व सात वर्षांची नात चि. सई यांचे मत आकाशपाळण्यांकडे होते. आमचे मत इतिहासाकडे. सूनबाईंनी तोड काढली. ‘ओल्वेरा गल्लीत जाऊ. तिथे इतिहास आहे आणि चुरोही आहेत.’ चुरो म्हणजे पिठाच्या लांब कांड्या तळून त्यांवर साखर व दालचिनीची पूड भुरभुरलेले एक पक्वान्न. मुलांचे मत तत्काळ फिरले.

ही गल्ली मोठ्या रेल्वे स्थानकाच्या समोरच आहे, तेव्हा मोटार न काढता आगगाडीने जावे. युनियन स्टेशन या नावाचे हे स्थानक १९३९ साली उघडले. उंच कौलारू छप्पर, लाकडासारख्या दिसणाऱ्या तुळया आणि रंगीत फरशी यांमुळे ते स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ झाले आहे. तथापि ज्या जमिनीवर ते उभे आहे तेथे पूर्वी चिनी लोकांची वस्ती होती व ती पाडून हे स्थानक बांधले गेले, हेही मुलांना जाता जाता सांगावे. रस्ता ओलांडला की पाच मिनिटांत आपण जुन्या चौकात येतो.

२०२० च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे ३९ लक्ष वस्तीचे हे शहर ४ सप्टेंबर १७८१ रोजी केवळ ४४ माणसांनी वसविले. ती अकरा कुटुंबे होती. त्यांत बावीस मोठी माणसे आणि बावीस मुले. त्या वेळी मेक्सिको व कॅलिफोर्निया हे दोन्ही प्रदेश स्पेनच्या राजाच्या ताब्यात होते. सैन्यास धान्य पुरवील असे एक शेतकऱ्यांचे गाव नदीकाठी असावे म्हणून फेलिपे दे नेवे या गव्हर्नराने सोनोरा व सिनालोआ या मेक्सिकोतील प्रांतांतून ही कुटुंबे आणविली. ही भूमी ओसाड मात्र नव्हती. तोंग्वा नावाच्या मूळ रहिवाशांचे यांगा हे गाव जवळच होते. पुढे १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा हे गाव मेक्सिकोचे झाले, आणि १८४६ ते १८४८ च्या युद्धानंतर झालेल्या तहान्वये अमेरिकेचे. म्हणजे सत्तर वर्षांच्या आत या गावाने तीन धनी पाहिले. १८१८ साली जन्मलेला येथील मनुष्य घरातून पाऊल बाहेर न टाकता तीन राज्यांचा प्रजानन निवडीवाचून होऊ शकला असता, असे आम्ही ओंकारास सांगितले तेव्हा त्यास मोठे नवल वाटले.

चौकात पोहोचताच आमच्या सौभाग्यवतींची पावले एका प्रचंड वृक्षाकडे वळली. जमिनीवर सापांसारखी पसरलेली मुळे, राखी रंगाचे जाड खोड, तकतकीत मोठी पाने. ‘हा तर आपला वडच,’ त्या म्हणाल्या. त्या अगदीच चुकल्या नव्हत्या. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातील असून १८७० नंतरच्या दशकात या चौकात लावले गेले. वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत आपला वड, पिंपळ व उंबर ज्या कुळात पडतात त्याच कुळातील हे आहे. त्यांच्यापैकी एक वृद्ध वृक्ष २०१९ च्या मार्च महिन्यात उन्मळून पडला. ऑस्ट्रेलियाच्या झाडाखाली मेक्सिकन मुले खेळत आहेत, शेजारी चिनी समाजाचे संग्रहालय आहे, आणि मुळावर एक मराठी आजी टेकली आहे, असा तो देखावा होता. मुलांस घेऊन जाणाऱ्यांनी प्रथम येथेच दहा मिनिटे बसावे; पाणी प्यावे, आणि मग पाहावयास निघावे.

चौकात ब्राँझची एक पाटी आहे. तीवर त्या ४४ संस्थापकांची नावे १७८१ च्या नोंदीप्रमाणे कोरलेली आहेत. ओंकार ती मोठ्याने वाचू लागला आणि एकाएकी थांबून म्हणाला, ‘आजोबा, बासिलियो रोसास, इंदिओ, वय ६७. हे आपले लोक होते?’

आम्हांस हसू आले. कोलंबसाने आपण हिंदुस्थानास पोहोचलो असे समजून तेथील रहिवाशांना जे नाव दिले ते पाचशे वर्षे झाली तरी त्यांना चिकटून आहे, हे त्यास समजावून सांगितले. परंतु मुलाचे डोळे पाटीवरच होते. प्रत्येक नावापुढे एक शब्द होता. अकरा कुटुंबप्रमुखांपैकी दोन ‘एस्पान्योल’ म्हणजे स्पॅनिश, चार ‘इंदिओ’, दोन ‘नेग्रो’, दोन ‘मुलातो’ म्हणजे गोरे व काळे यांच्या मिश्रणाचे, आणि एक ‘मेस्तिसो’ म्हणजे स्पॅनिश व इंदिओ यांच्या मिश्रणाचा. ४४ पैकी निम्म्याहून अधिक माणसांच्या अंगी आफ्रिकेचे रक्त होते. स्पेनच्या राज्यात माणसांची अशी प्रतवारी लावीत व तीस ‘कास्ता’ म्हणत. हाच शब्द पोर्तुगीजांनी आमच्या देशात येऊन आमच्या जातींना लावला आणि त्यावरूनच जातीचा इंग्रजी प्रतिशब्द निघाला. हे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगत होतो, कारण शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणे ही आमची जुनी खोड आहे. ओंकाराने शांतपणे विचारले:

‘आजोबा, मग या पाटीवर आपलं नाव असतं तर पुढे काय लिहिलं असतं?’

आम्ही म्हणालो, ‘चला, उशीर होतो आहे. गल्ली पाहू.’ वाचकहो, पस्तीस वर्षांच्या अध्यापनात प्रश्न टाळण्याची ही युक्ती आम्ही कितीदा वापरली असेल! ती वापरताना लाज वाटल्याची मात्र ही पहिलीच वेळ.

ओल्वेरा गल्ली चौकाच्या उत्तरेस आहे. लांबीने ती आपल्याकडील एखाद्या पेठेतल्या बोळाएवढीच. मध्ये दुकानांच्या टपऱ्यांची रांग, दोन्ही बाजूंस जुनी घरे. पूर्वी येथे द्राक्षमळे असल्यामुळे हिला द्राक्षांची गल्ली म्हणत. १८७७ साली या प्रांताचा पहिला न्यायाधीश आगुस्तिन ओल्वेरा याचे नाव हिला देण्यात आले. पुढे शहर दक्षिणेकडे सरकले आणि हा भाग उकिरड्याच्या अवकळेस पोहोचला. १९२८ साली येथील सर्वांत जुने घर पाडण्याची नोटीस लागलेली क्रिस्टीन स्टर्लिंग नावाच्या एका बाईंनी पाहिली. त्यांनी वर्तमानपत्रांतून ओरड केली, शहरातील धनिकांकडून पैसा जमविला, तुरुंगातील कैद्यांकडून फरसबंदी करून घेतली, आणि २० एप्रिल १९३० रोजी, ईस्टरच्या दिवशी, ही गल्ली मेक्सिकन बाजार म्हणून लोकांस खुली झाली. बाई स्वतः मेक्सिकन नव्हत्या. विक्रेत्यांनी जुना पोशाख घालून बसावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे ‘ही खरी परंपरा की प्रवाशांसाठी मांडलेला देखावा?’ हा वाद त्या गल्लीविषयी अद्याप चालतो. आमचे मत पुढे सांगू.

मुलांना इतिहासाची गोडी लावावयाची तर त्यांच्या पायांपासून आरंभ करावा. या गल्लीच्या फरसबंदीत विटांची एक तिरपी पट्टी आहे. ती म्हणजे ‘सान्हा माद्रे’ची, अर्थात गावच्या मूळ पाटाची खूण. संस्थापकांनी नदीपासून गावापर्यंत जो मातीचा पाट खणला तो या वाटेने जात असे, व त्याच पाण्यावर हे गाव जगले. ‘या पट्टीवरून पाय न घसरू देता चालून दाखवा,’ असे सांगताच दोघे मुले पाण्यात उतरल्याप्रमाणे चालू लागली. सईने तर मध्येच खाली वाकून ओंजळभर पाणी प्याल्याचे नाटक केले. पाणी आधी, घर मागाहून, आणि बाजार सर्वांत शेवटी, हा गाव वसण्याचा क्रम तिला पुस्तकावाचून समजला.

पाडण्याची नोटीस लागलेले ते घर म्हणजे आव्हिला यांचा वाडा. गावाचा एके काळचा अल्काल्दे, म्हणजे पाटील व न्यायाधीश या दोहोंचे काम करणारा अधिकारी, फ्रान्सिस्को आव्हिला याने १८१८ साली तो बांधला. आज शहरातील सर्वांत जुने राहते घर म्हणून त्याची गणना होते, व ते पाहण्यास पैसे पडत नाहीत. उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांच्या अडीच ते तीन फूट जाडीच्या भिंती, आणि छपरावर जवळच्या डांबराच्या डबक्यांतून आणलेले डांबर, अशी त्याची बांधणी. बाहेर ऑक्टोबरातही ऊन चटके देत असता आत पाऊल टाकताच गारवा लागला. ‘आपल्या आजोळच्या माजघरासारखे,’ असे सौभाग्यवतींनी म्हटले आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, त्या हलेनात.

तेथे काळ्या दगडाचा पाटा होता, वरवंटाही होता. फरक एवढाच की त्या पाट्यास पुढून उतार असतो व खाली तीन पाय. त्याला ‘मेताते’ म्हणतात. मेक्सिकन गृहिणी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजत ठेवून, सकाळी धुऊन या पाट्यावर वाटीत व त्याची भाकरी थापीत, तीच ‘तोर्तिया’. हा चुना केवळ साल सुटण्यासाठी नव्हे. मक्यातील एक जीवनसत्त्व एरवी शरीरास लागत नाही. चुन्यामुळे ते मोकळे होते. युरोपीय लोकांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही; त्यामुळे इटली, स्पेन व पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात केवळ मक्यावर राहणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा नावाच्या भयंकर रोगाने ग्रासले. ‘म्हणजे आज्ज्यांना ठाऊक होते आणि विद्वानांना नव्हते,’ असा सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहून अभिप्राय दिला. आम्ही मान हलविली.

त्या स्वयंपाकघरात टांगलेल्या लाल मिरच्या पाहून आम्ही मुलांना विचारले, ‘ही कोणाची?’ दोघे एकदम म्हणाली, ‘आपली!’ येथे आम्हांस आमची विद्या दाखविण्याची संधी मिळाली. मिरची मूळची मेक्सिकोच्या बाजूची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यास लागली. संस्कृतात तिला जुना शब्दच नाही. ‘मरिच’ म्हणजे मिरे, आणि त्यावरून आपण पाहुणीचे नाव मिरची ठेवले. टोमॅटो, चिकू व चॉकलेट हे तिन्ही शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून निघाले आहेत. निशिगंध तिकडचा, आणि दसऱ्याला ज्याच्यावाचून आपले तोरण होत नाही तो झेंडूही तिकडचाच. शेकडो वर्षे आपण ज्या वस्तू देवापुढे ठेवीत आलो त्या कोणा परक्या माळ्याने लावल्या होत्या, हे घरी बसून कधी मनात येत नाही.

झेंडूचे खरे दर्शन चौकात घडले. नोव्हेंबरच्या १ व २ तारखांस मेक्सिकन लोक आपल्या मृत आप्तांचे स्मरण करतात, त्यासाठी वेद्या मांडणे चालले होते. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, वर छायाचित्रे, खाली पाव, फळे, मीठ, पाण्याचा पेला, मेणबत्त्या, आणि सर्वत्र झेंडू. नाहुआत्ल भाषेत झेंडूस ‘वीस-फूल’ अशा अर्थाचे नाव आहे. वीस म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे. आमच्या कवींनी कमळास शतपत्र म्हटले तसेच हे. त्याच्या वासाने व रंगाने गेलेल्यांना घरची वाट सापडते अशी त्यांची समजूत. सईने विचारले, ‘ते रडत का नाहीत?’ आम्ही म्हणालो, ‘वर्षातून एकदा पाहुणे येणार, मग रडायचे कशाला?’ पितृपक्ष नुकताच होऊन गेला होता. सौभाग्यवतींनी एका अनोळखी म्हातारीच्या छायाचित्रापुढे हात जोडले. मांडणी करणारी तरुण स्त्री किंचित हसली आणि तिने एक झेंडूचे फूल काढून सईच्या हाती दिले.

आता भोजन. शाकाहारी मंडळींनी येथे जरा सावध असावे. १९३४ पासून चालत आलेल्या एका दुकानातील गुंडाळलेल्या तळीव तोर्तिया फार प्रसिद्ध आहेत, परंतु त्यांत गोमांस असते. घेवड्याची उसळही पुष्कळदा डुकराच्या चरबीत परतलेली असते. तीस ‘मांतेका’ म्हणतात. तो एक शब्द पाठ करून जावे व विचारावे. आम्हांस भात, मांतेकेवाचूनचा घेवडा, अॅव्होकॅडोचे वाटण आणि गरम तोर्तिया मिळाल्या, वर चुरो. मुलांची तृप्ती झाली. आमच्या मते तोर्तियेस थोडे तूप हवे होते.

प्रत्येक मुलाने एकच वस्तू घ्यावी, आणि तीही सर्व दुकाने पाहून झाल्यावर, असा नियम आम्ही आधीच घालून दिला होता. सईने कागदी फुलांची माळ घेतली. ओंकाराने एका टपरीवर लाकडी भोवरा उचलला व हा कशाने चालतो असे विचारले. त्याला बटण कोठे दिसेना. टपरीवरच्या वृद्ध बाईंनी दोरी गुंडाळून दाखविण्यास हात पुढे केला, इतक्यात आमच्याही हाताला खाज सुटली. पन्नास वर्षांनी आम्ही जाळी गुंडाळली आणि भोवरा फेकला. तो त्या विटांच्या पाटावर गुणगुणत उभा राहिला. बाईंनी टाळी वाजविली, दुसरा भोवरा घेतला, आणि आमच्यापेक्षा चांगला फिरविला.

चिरंजिवांस थोडी स्पॅनिश येते; त्यांच्या द्वारे बोलणे झाले. त्यांची आजीही याच गल्लीत बसत असे. ‘नातवंडांशी मी आमच्या भाषेत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देतात,’ त्या म्हणाल्या. हे वाक्य भाषांतरित होऊन आमच्यापर्यंत येण्याआधीच आम्हांस समजले होते. आम्ही विचारले, ‘हा पोशाख, ही दुकाने, हे सारे प्रवाशांसाठी ना?’ त्यांनी थोडा वेळ विचार केला. ‘पोशाख प्रवाशांसाठी आहे. पण सकाळी येऊन दार उघडते ते माझ्यासाठी.’ खरी परंपरा की देखावा, या वादाचा आमच्यापुरता निकाल तेथे लागला.

येथवरची गल्ली गोड आहे. परंतु केवळ गोड पाहून परतणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. गल्ली उघडल्यास वर्षही झाले नव्हते तोच, २६ फेब्रुवारी १९३१ रोजी, सरकारी अधिकाऱ्यांनी याच चौकास वेढा घातला आणि सुमारे ४०० लोकांना अडकवून त्यांचे कागद तपासले. महामंदीचे दिवस होते. कामे मेक्सिकन लोकांनी बळकावली अशी हाकाटी होती. त्या दशकात लक्षावधी मेक्सिकन वंशाच्या लोकांना धाकाने अथवा आगगाडीचे तिकीट हाती देऊन देशाबाहेर घालविण्यात आले, व त्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे जन्मसिद्ध नागरिक असलेली मुलेही पुष्कळ होती. कॅलिफोर्निया राज्याने याबद्दल २००५ साली कायदा करून क्षमा मागितली. मेक्सिकोची टोपी विकत घ्यावयाची आणि ती टोपी घालणाऱ्या माणसास हाकलावयाचे, या दोन्ही गोष्टी एकाच चौकात, एकाच काळी चालल्या होत्या.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, सिकेइरोस या विख्यात मेक्सिकन चित्रकारास गल्लीतील एका इमारतीच्या वरच्या भिंतीवर चित्र काढण्याचे काम मिळाले. ‘उष्ण कटिबंधातील अमेरिका’ हा विषय. मालकांची अपेक्षा पोपट, केळी आणि आनंदी माणसे यांची होती. सुमारे ८० फूट लांबीच्या त्या भिंतीवर त्याने काढला क्रुसावर बांधलेला एक इंदिओ मनुष्य, आणि त्याच्या माथ्यावर बसलेला गरुड. चित्राचा दिसणारा भाग थोड्याच महिन्यांत पांढऱ्या रंगाने झाकला गेला, व पुढे सर्वच. परंतु उन्हापावसाने तो पांढरा रंग झिजत गेला आणि चित्र हळूहळू पुन्हा वर येऊ लागले. गेटी संस्थेच्या तज्ज्ञांनी त्याची जपणूक केली आणि ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, बरोबर ऐंशी वर्षांनी, ते पुन्हा लोकांपुढे आले. आता रंग फिके आहेत, आकृती ओळखू येते. ओंकार कठड्याशी बराच वेळ उभा होता. तो म्हणाला, ‘म्हणजे पुसून टाकलं तरी ते आतमध्ये होतंच.’

आम्हांस चौकातील पाटी आठवली. उत्तर देणे प्राप्त होते.

परतीच्या गाडीत आम्ही त्यास जवळ बसवून सांगितले, ‘बाळा, तू विचारलेस ते सांगतो. आपल्या नावापुढे ब्राह्मण असे लिहिले असते. आणि ती यादी आपल्या देशात केली असती तर ती यादी करणाराही बहुधा आपल्यापैकीच कोणी असता.’ आणि मग, ज्या गोष्टीचा उच्चार आम्ही घरात कधी केला नव्हता, ती सांगितली. शाळेच्या दाखलपुस्तकात जातीचा एक रकाना असे. जून महिन्यात नवी मुले दाखल होत तेव्हा तो रकाना कित्येक वर्षे आम्हीच भरला. अक्षर सुबक म्हणून ते काम आमच्याकडे येई, आणि त्याचा आम्हांस अभिमान असे. तो रकाना भरणे हा नियम होता. त्यात आमचा अपराध नव्हता. अपराध पुढचा. मुलगा फळ्यापुढे उभा राहिला की त्याच्या तोंडून शब्द निघण्याआधी तो रकाना आमच्या डोळ्यांपुढे येई, आणि त्याच्याकडून काय अपेक्षा करावयाची हे मनात ठरून जाई. एक मुलगा गणितात फार हुशार निघाला तेव्हा आम्ही त्याची पाठ थोपटली, परंतु त्या वेळी आम्हांस आनंदापेक्षा आश्चर्यच अधिक वाटले होते. त्या मुलाने ते आमच्या चेहऱ्यावर वाचले असले पाहिजे. मुले सर्व वाचतात.

ओंकार विचारात पडला. मग म्हणाला, ‘आजोबा, त्या पाटीवर ते काय काम करायचे ते का नाही लिहिलं?’ आम्ही सांगितले की लुईस किंतेरो हा ‘नेग्रो’ म्हणून नोंदलेला गृहस्थ पुढे सांता बार्बारा येथे शिंप्याचे काम करी, आणि होसे वानेगास हा ‘इंदिओ’ तर या गावाचा पहिला अल्काल्दे झाला. ‘मग शिंपी असं लिहायचं,’ तो म्हणाला. आम्ही म्हणालो, ‘आपल्याकडे शिंपी लिहिले तर तीही एक जातच होते.’ त्यावर तो हसला, मग एकदम हसावयाचा थांबला. आमच्या देशाविषयी इतकी खरी गोष्ट आम्ही त्यास पूर्वी कधी सांगितली नव्हती.

आता ज्यांस मुलांसह जावयाचे त्यांच्यासाठी दोन शब्द. सकाळी दहाच्या सुमारास पोहोचावे; दुपारी गर्दी व ऊन दोन्ही वाढतात. क्रम चौक, पाट, वाडा, भोजन, चित्र, आणि मग खरेदी, असा ठेवावा. शेजारी १८८४ सालचे जुने आगबंबाचे ठाणे आहे. लहान मुलगे तेथून हलत नाहीत. डिसेंबरात गेल्यास १६ ते २४ तारखांपर्यंत नऊ रात्री मेरी व जोसेफ यांनी आसरा शोधल्याची मिरवणूक पाहावयास मिळेल. तिच्या शेवटी मुले डोळे बांधून टांगलेले कागदी मडके फोडतात, ते पाहून आपल्या मुलांना दहीहंडीची आठवण होईल. आणि शेवटचे असे की, मुलांनी पाटीपुढे उभे राहून काही विचारले तर ‘चला, उशीर होतो आहे’ असे म्हणू नये.

घरी आल्यावर रात्री ओंकाराने वहीचे एक पान फाडून त्यावर आमच्या घरातील माणसांची यादी केली. तीन रकाने होते. नाव, वय, आणि तिसऱ्यावर त्याने लिहिले होते ‘आवड’. आई, ३९, पोहणे. आजी, ६३, झाडे. सई, ७, चुरो. आमच्या नावापुढे त्याने प्रथम ‘शिकवणे’ असे लिहून ते खोडले होते, आणि त्यापुढे मोडक्यातोडक्या देवनागरीत लिहिले होते, ‘भोवरा’.

तो कागद आम्ही पंचांगात घालून घरी आणला आहे. कोणतेही अक्षर पुसून टाकू नये, म्हणून खोडलेला शब्दही तसाच ठेवला आहे.